‘मुलगा कोणात मिसळत नाही’: या काळजीबद्दल संशोधन काय सांगतं

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात राहणाऱ्या आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. वाचनाची आवड आहे, गणितात चांगला आहे. शाळेच्या ओपन हाऊसला, म्हणजे पालक-शिक्षक भेटीला, वर्गाच्या बाईंनी सांगितलं, “याचे सोशल स्किल्स कमी आहेत, कोणात मिसळत नाही.” संध्याकाळी संकुलाच्या पोडियमवर, म्हणजे इमारतींमधल्या मोकळ्या सामायिक जागेत, मुलं खेळतात तेव्हा हा कठड्याशी उभा राहून बघत बसतो. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही लहानपणी असेच होते. आता क्लबहाऊसमध्ये पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा वर्ग सुरू होतोय. स्टेजवर बोलणं, आत्मविश्वास, देहबोली असं सगळं त्यात आहे. आईला दोन गोष्टी हव्या आहेत. या वर्गाने फरक पडेल का? आणि मोठेपणी माणूस चारचौघांत नीट वावरेल की नाही, स्वतःच्या पायावर उभा राहील की नाही, हे लहानपणीच्या कोणत्या गोष्टींवरून सांगता येतं?

मी ठाण्यात शाळांबरोबर आणि पालकांबरोबर समुपदेशनाचं काम करते. दुसरी-तिसरीच्या वयाला हा प्रश्न फार वेळा येतो. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच मिळेल. एक मात्र आत्ताच सांगते. तुम्ही जे लिहिलंय त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. नीट बघण्यासारखं मात्र बरंच आहे.

सुरुवात करू अमेरिकेतल्या एका अभ्यासापासून. डेमन जोन्स आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. पाच-सहा वर्षांच्या ७५३ मुलांबद्दल त्यांच्या बालवर्गातल्या शिक्षकांनी एक साधी प्रश्नावली भरली होती. ही मुलं पंचविशीत आल्यावर त्यांचं काय झालं ते पाहिलं गेलं. पाच अंशांच्या मापनपट्टीवर एक अंश जास्त मिळालेल्या मुलाला पुढे पदवी मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती आणि पंचविसाव्या वर्षी पूर्णवेळ नोकरी असण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त. घरची परिस्थिती, मुलाची सुरुवातीची शैक्षणिक तयारी, त्याचा आक्रमकपणा हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

आता त्या प्रश्नावलीत काय विचारलं होतं ते बघा. मूल दुसऱ्याचं ऐकून घेतं का, वस्तू वाटून घेतं का, मदत करतं का, सोबत्यांशी झालेलं भांडण स्वतः मिटवतं का, दुसऱ्याला काय वाटतंय ते त्याला कळतं का, दादागिरी न करता आपलं मत मांडतं का. स्टेजवर न घाबरता बोलतं का, असा प्रश्न त्यात नाही. चुणचुणीत आहे का, पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखवतं का, हेही नाही. पुढच्या आयुष्याशी ज्यांचं नातं दिसलं त्या या शांत, रोजच्या, दुसऱ्याकडे बघण्याच्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलाबद्दल बाईंनी दिलेला शेरा ‘मिसळत नाही’ एवढाच आहे. वरच्या यादीतलं तो काय काय करतो, हे त्या शेऱ्यातून मुळीच कळत नाही. म्हणून बाईंकडे परत जा आणि हेच प्रश्न एकेक करून विचारा. मिसळण्यात मागे असलेली काही मुलं या यादीत फार पुढे असतात, हे मी वर्गांमध्ये बसून वारंवार पाहिलं आहे.

अशा अभ्यासांचा अर्थ लावताना थोडं सांभाळून घ्यावं लागतं. हा अभ्यास गरीब, अडचणीच्या वस्त्यांमधल्या मुलांवरचा होता. शिवाय ही शक्यता मुलांच्या मोठ्या गटाबद्दल असते, एका मुलाची कुंडली त्यातून मांडता येत नाही. आणि शालेय मार्कांपुरतं बोलायचं तर चित्र वेगळं दिसतं. ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहा मोठ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. शाळेत जाताना मुलाला गणिताची किती समज आहे, यावरून पुढच्या अभ्यासाचा सर्वांत चांगला अंदाज बांधता आला. सामाजिक वागण्याचा पुढच्या मार्कांशी फारसा संबंध निघाला नाही. म्हणजे मिसळत नाही म्हणून अभ्यासात मागे पडेल, ही भीती तुम्ही आजच सोडून द्या.

ज्या गुणाबद्दलचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तो म्हणजे आत्मसंयम. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजतागायत चालू आहे. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यांचे निष्कर्ष मांडले. तीन ते अकरा या वयात ज्यांना स्वतःला आवरता येत होतं, चिडल्यावर परत शांत होता येत होतं, हाती घेतलेलं काम धरून ठेवता येत होतं, त्यांची तब्येत, आर्थिक स्थिती आणि कायद्याशी वागणूक बत्तिसाव्या वर्षी जास्त चांगली होती. बुद्ध्यंक आणि घरची सांपत्तिक स्थिती वेगळी काढल्यावरही हे खरं ठरलं. ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातही तेच निघालं. एकाच घरात, एकाच आईवडिलांकडे वाढलेल्या दोघांपैकी पाचव्या वर्षी ज्याचा संयम कमी होता, तो बाराव्या वर्षी शाळेत मागे असण्याची शक्यता जास्त होती. डुनेडिनच्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. ज्यांचा संयम लहानपणी कमी होता पण वाढत्या वयात सुधारला, त्यांचं आयुष्य सुरुवातीच्या अंदाजापेक्षा चांगलं गेलं. हा गुण वाढू शकतो.

आपल्याकडे हे ओळखायला चाचणी लागत नाही. कॅरम किंवा लगोरी खेळताना मूल हरलं की काय होतं ते पाहा. रडीचा डाव सगळीच मुलं कधी ना कधी खेळतात. प्रश्न असा की राज्य आल्यावर ते पाच मिनिटांत परत खेळात येतं, की सोंगट्या उधळून घरी निघून जातं आणि तास-दोन तास धुमसत राहतं. सात वर्षांच्या मुलाला हरणं पचवायची सवय घरातच लागते. म्हणून त्याला प्रत्येक वेळी मुद्दाम जिंकू देऊ नका. आजोबांशी पत्ते खेळताना हरला, नाक फुगवून बसला, तर बसू द्या. दहा मिनिटांनी “अजून एक डाव?” असं विचारा. माझ्या मते वर्षभर असे डाव खेळणं हे कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मोलाचं आहे.

संयमाचा विषय निघाला की मार्शमेलोचा प्रयोग हमखास कोणीतरी सांगतं. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांसमोर गोड खाऊ ठेवला आणि थांबलात तर दुप्पट देईन असं सांगितलं. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली, असं त्यावरून जगभर सांगितलं गेलं. पालकसभांमध्ये हे आजही व्हिडिओसकट दाखवलं जातं. पण २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांची आकडेवारी तपासली, तेव्हा तो संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची पार्श्वभूमी आणि मुलाच्या लहानपणच्या इतर क्षमता हिशेबात धरल्यावर तो आणखी दोन तृतीयांशांनी घटला. त्याआधी २०१३ मध्ये सिलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात केलेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. त्यांनी २८ मुलांना आधी रंगखडू आणि स्टिकर आणून देतो असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले, निम्म्यांना ‘अरे, संपले’ असं सांगितलं. मग खाऊ समोर ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं गेलं ती तीन मिनिटं.

हा प्रयोग ठाण्यातल्या प्रत्येक आईबाबांनी मनावर घ्यावा असं मला फार वाटतं. आपल्या घरांत शब्द मोडायची कारणं खरी असतात. लोकल रखडते, घोडबंदरला गाडी अडकते, ऑफिसचा कॉल लांबतो. मुलाला मात्र एवढंच कळतं की बाबा शनिवारी येऊरला नेतो म्हणाले आणि नेलं नाही. दहापैकी सात वेळा असं झालं की मूल वाट पाहणं सोडून देतं, आणि त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच असतं. मोठी आश्वासनं कमी द्या. “रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं तुझ्याशी खेळेन” एवढंच सांगा आणि तेवढं न चुकता पाळा.

सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर असू शकतं. स्वभावाचा काही भाग मूल घेऊनच जन्माला येतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे १५ टक्के मुलं नव्या माणसांत, नव्या जागी हळूहळू रुळणारी आढळली. हा दोष मानला गेला नाही. त्या मुलाचा वेग आणि घरच्यांची अपेक्षा जुळते का, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं असं त्यांना दिसलं. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांमध्येही हा फरक टिपला. सुमारे २० टक्के बाळं नव्या आवाजाने, नव्या वस्तूने फार अस्वस्थ व्हायची. पण त्यातली थोडीच मुलं मोठेपणी सतत भित्री राहिली.

मग बाकीच्यांचं काय वेगळं झालं? केनेथ रुबिन, किम बर्जेस आणि पॉल हेस्टिंग्ज यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा एक धागा सापडतो. दोन वर्षांची लाजरी मुलं चार वर्षांची होईपर्यंत लाजरीच राहिली का ते त्यांनी पाहिलं. ज्या मुलांच्या आया सारखा हस्तक्षेप करायच्या किंवा टोमणे मारायच्या, त्यांच्यात लाजरेपणा टिकला. इतरांमध्ये तसा संबंध दिसला नाही. अभ्यास आयांवर झाला, म्हणून इथे आया म्हटलं. बाबा, आजी, काका सगळ्यांना हे तितकंच लागू आहे असं माझा अनुभव सांगतो. पाहुणे आल्यावर “अरे, काकांना नमस्कार कर, तोंड नाही का तुला?” म्हणणं, लिफ्टमध्ये शेजारच्यांना “हा ना, अगदी घुम्या आहे” असं त्याच्या देखत सांगणं, पोडियमवर हाताला धरून मुलांच्या घोळक्यात ढकलणं. यामागे माया आणि काळजीच असते. मुलाच्या मनात मात्र दोन गोष्टी पक्क्या होतात: लोकांत जाणं धोक्याचं आहे, आणि माझ्यात काहीतरी कमी आहे. हे तिन्ही आजपासून थांबवा. सासूबाईंनाही प्रेमाने सांगा. बाबांचं उदाहरण त्यांनीच दिलंय, आणि बाबा मोठेपणी नोकरी, संसार, मित्र सगळं सांभाळत असतील तर त्यांच्या स्वतःच्या घरातच त्याचा पुरावा आहे.

लाजरं मूल कुठे वाढतंय यानेही फरक पडतो. शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांनी शांघायमधल्या शाळकरी मुलांच्या तीन तुकड्या अभ्यासल्या: १९९० ची, १९९८ ची आणि २००२ ची. १९९० मध्ये लाजऱ्या मुलांना सोबती पसंत करायचे, शिक्षक कौतुक करायचे. २००२ पर्यंत शहर बदललं, बाजार आणि स्पर्धा आली, आणि तीच लाजरी मुलं नकोशी होऊ लागली. मुलांचा स्वभाव तोच होता, त्याला मिळणारी किंमत बारा वर्षांत उलटली. मला यात ठाणं दिसतं. नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींत मूल दार उघडलं की माणसांत असायचं. हळू रुळणाऱ्याला रुळायला महिने मिळायचे, लहान असेल तर लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतलं जायचं. तिसाव्या मजल्यावरच्या मुलाला मैत्रीसाठी आधी लिफ्ट, मग परवानगी, मग स्केटिंग आणि फोनिक्सच्या (इंग्रजी वाचनाच्या) वर्गांच्या मधला पाऊण तास. त्या पाऊण तासात जो पटकन बोलतो तोच दिसतो. तुमच्या मुलाला वेळ कमी पडतोय, अशी मला दाट शंका आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. जॉन कोई, केनेथ डॉज आणि हायडी कोपोटेली यांनी १९८२ मध्ये एक पद्धत मांडली. वर्गातल्या मुलांना विचारायचं, तुला कोण सर्वांत आवडतं आणि कोण सर्वांत नावडतं. उत्तरांवरून लक्षात येतं की ‘मित्र नसलेली’ म्हणून आपण ज्यांना एका खात्यात टाकतो ती मुलं मुळात दोन वेगळ्या प्रकारची आहेत. काही मुलांचं नाव कोणीच घेत नाही, ना आवडीत ना नावडीत. काहींचं नाव अनेक जण नावडीत घेतात. पहिल्या प्रकारची मुलं दुर्लक्षित असतात. त्यांच्यातली बरीच पुढच्या वर्षी, वर्ग बदलला की या गटातून बाहेर पडलेली असतात आणि त्यांच्या पुढच्या आयुष्यात फारसा धोका दिसत नाही. नाकारली गेलेली मुलं ही खरी काळजीची बाब. त्यातली काही फटकन हात उचलणारी असतात. डॉज यांच्या कामात दिसलं की अशी मुलं चुकून लागलेल्या धक्क्यातही मुद्दाम केलेली खोडी वाचतात. काही दबलेली असतात आणि इतरांकडून त्रास सहन करत राहतात.

म्हणून पोडियमवर आठवडाभर शांतपणे बघा, फोन हातात न घेता. तो कठड्याशी उभा असतो तेव्हा त्याचा चेहरा कसा असतो? खेळात रस घेऊन बघतोय, मनातल्या मनात गुण मोजतोय, की दुखावलेला आहे? दुसरी मुलं त्याला हाक मारतात का? चेंडू त्याच्याकडे आला की तो परत देतो का, आणि मुलं तो सहज घेतात का? की त्याला बघून कुजबुज होते, नाव ठेवलं जातं, तो जवळ गेला की खेळ हलवला जातो? पहिलं चित्र असेल तर तुम्हाला वेळ आहे. दुसरं असेल तर बाईंशी आणि त्या मुलांच्या पालकांशी लवकर बोलावं लागेल. आणि तेव्हा बदलायचं फक्त तुमच्या मुलाने नसतं.

कठड्याशी उभं राहण्याबद्दल एक दिलासाही देते. मार्था पुटाल्लाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये, चालू खेळात मुलं कशी शिरतात याचं बारकाईने निरीक्षण मांडलं. सोबत्यांना आवडणारी मुलं गटाच्या चालू खेळाला धरून बोलायची आणि सहज सामावली जायची. नावडती मुलं स्वतःबद्दल बोलायची, प्रश्न विचारून खेळ थांबवायची, नियमांवर वाद घालायची आणि बाहेर राहायची. म्हणजे आधी थांबून खेळ समजून घेणं ही शिरकावाची चांगली सुरुवात आहे. तुमचा मुलगा पहिली पायरी करतोय, त्याला दुसरी दाखवायची आहे. घरी दोन बाहुल्या किंवा गाड्या घेऊन सराव करा: “डबा ऐसपैस चाललंय. तू आलास. काय म्हणशील?” “मी पण लपू?” एवढं पुरतं. बाहेर गेलेला चेंडू आणून देणं, गुण मोजणं, पुढच्या डावाला राज्य घ्यायला तयार होणं, या वाटांनी लाजरी मुलं आत जातात.

दहा मित्रांची गरज नाही, एक पुरतो. कॅथरीन बॅगवेल, अँड्र्यू न्यूकम आणि विल्यम बुकोवस्की यांनी १९९८ मध्ये एक पाठपुरावा प्रसिद्ध केला. पाचवीतल्या काही मुलांना दोन्हीकडून मानलेला एक जवळचा मित्र होता, काहींना नव्हता. बारा वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांना असा मित्र होता त्यांना स्वतःबद्दल जास्त बरं वाटत होतं. अर्नेस्ट हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की छळ होणाऱ्या मुलांना एक जरी जिवाभावाचा मित्र असेल तर त्या छळाचा परिणाम वाढत जात नाही. तुम्ही काय करायचं तर डब्याच्या सुट्टीत तो कोणाशेजारी बसतो हे बाईंना विचारा. त्या एका मुलाला शनिवारी घरी बोलवा. दोन तास, वेळ ठरवून, करायला काहीतरी ठेवून: ब्लॉक्स, चित्रं, पोहे खाणं. बोलण्यासाठी बोलणं लाजऱ्या मुलाला जड जातं, हात कामात असले की गप्पा आपोआप येतात. भांडण झालं तर लगेच धावू नका. कट्टी होऊ द्या, बट्टीही होऊ द्या. मारामारीपर्यंत गेलं तरच मध्ये पडा. आणि पुढच्या आठवड्यात त्याच मुलाला परत बोलवा; दर वेळी नवं मूल बोलावलं तर ओळख पक्की होतच नाही.

घरातल्या बोलण्याबद्दल थोडं. जुडी डन आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमधल्या कुटुंबांमध्ये तीन वर्षांच्या मुलांशी होणारं बोलणं नोंदवलं. ज्या घरांत कोणाला काय वाटलं, का वाटलं यावर जास्त बोलणं व्हायचं, तिथल्या मुलांना सहाव्या वर्षी दुसऱ्यांच्या भावना जास्त चांगल्या ओळखता आल्या. हे संशोधन १९९१ चं आहे. आपल्याकडे राग आला, वाईट वाटलं, हेवा वाटला हे मोठ्यांनी मुलांसमोर म्हणायची पद्धत कमी. “मुलगा असून रडतोस?” मात्र अजून ऐकू येतं. आजीबरोबर मालिका बघताना ती म्हणतेच, “बघ, सुनेला किती लागलं असेल ते बोलणं.” हेच पुढे न्या. “त्याला का राग आला असेल? तू असतास तर?” रात्री झोपताना तुमच्या स्वतःच्या दिवसातली एक गोष्ट सांगा, तुम्हाला ओशाळं वाटलेली किंवा आनंद झालेली. त्याला उलटतपासणी केल्यासारखं “आज कोणाशी बोललास?” विचारण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

आणखी एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या कामाची दिशा त्याने ठरवली आहे. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली सुमारे दोनशे मुलं फार कठीण परिस्थितीत होती: गरिबी, घरातलं व्यसन, मानसिक आजार, भांडणं. त्यांच्यातला साधारण तिसरा हिस्सा तरीही समर्थ, जिव्हाळ्याने वागणारा प्रौढ झाला. त्यांच्या आयुष्यात आईवडील नसले तरी आजी, शिक्षक, शेजारी असं कोणीतरी एक भरवशाचं माणूस होतं. त्यांच्यावर लहानपणी घराला खरोखर लागणारी कामं सोपवलेली होती. आणि किशोरवयात भरकटलेल्यांपैकी बरेच जण तिशीनंतर सावरले.

ती कामाची बाब आपल्या घरांमधून वेगाने नाहीशी होते आहे. सात वर्षांचं मूल ताटं घेऊ शकतं, कुंड्यांना पाणी घालू शकतं, भाजीवाल्याकडून कोथिंबीर आणून हिशेब सांगू शकतं. संकुलाच्या गणेशोत्सवात त्याला स्टेजवर नाचवू नका, आरतीनंतर प्रसाद वाटायला उभा करा. हातात ताट असलं की प्रत्येकाकडे जायला कारण मिळतं, दोन शब्द बोलावे लागतात आणि लोक त्याला ओळखू लागतात. लाजऱ्या मुलाला काहीतरी भूमिका हवी असते. नुसतं ‘जा, मिसळ’ म्हटलं तर ते कसं करायचं हे त्याला कळत नाही.

आता वर्गाबद्दल. भावनिक-सामाजिक कौशल्यं शिकवता येतात का, याचं उत्तर हो असं आहे. जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळांमधल्या २१३ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात २,७०,००० हून जास्त विद्यार्थी होते. परिणाम चांगले होते, पण क्रमाने शिकवलेल्या, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणाऱ्या आणि नेमकं काय शिकवायचं हे ठरलेल्या कार्यक्रमांमध्येच ते नीट दिसले. भारतातलं काम तर फारच बोलकं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम तपासला गेला. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काही शाळांत तो प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकाने चालवला, काहींत शिक्षकाने. समुपदेशक असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी घटली. शिक्षकांनी चालवला तिथे फरक पडला नाही. माझं मत असं की मुलांसाठी मोकळा वेळ आणि तेच एक काम असलेलं माणूस शाळेत असणं, हे तिथे कामी आलं. आपल्या शाळांमध्ये बाईंवर आधीच एवढा भार असतो की आणखी एक तासिका देऊन हे साधणार नाही. पालक संघात तुमचा आवाज असेल तर पूर्णवेळ समुपदेशकाची मागणी लावून धरा.

क्लबहाऊसच्या वर्गाला हीच कसोटी लावा. किती मुलं असतील? दर आठवड्याला तीच मुलं, तेच ताई-दादा असतील का? जोडीने, गटाने खेळ आणि कामं आहेत की रांगेने माईकवर येऊन बोलायचं आहे? आठ-दहा मुलांचा, वर्षभर चालणारा नाट्यवर्ग किंवा खो-खोचा सराव असेल तर खुशाल घाला, मुलाला आवडत असेल तर. पंधरा दिवसांत आत्मविश्वास देणाऱ्या वर्गावर पैसे घालवू नका. हळू रुळणारं मूल पंधराव्या दिवशी कुठे रुळायला लागतं, तोवर वर्ग संपलेला असतो. आणि त्याला पहिल्याच दिवशी माईकसमोर उभं केलं तर महिन्यांची मेहनत मागे जाते.

सात वर्षांचा आहे, आत्ता नाही तर कधीच नाही, ही धास्तीही काढून टाका. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनी मोठ्या माणसांच्या स्वभावगुणांतही मोजता येण्यासारखा बदल दिसला. नेथन हडसन यांच्या २०१९ च्या अभ्यासात कॉलेजच्या मुलांना १५ आठवडे दर आठवड्याला छोटी आव्हानं दिली होती. दुकानदाराला नमस्कार करणं यासारखी कामं ज्यांनी प्रत्यक्ष पार पाडली त्यांचा स्वभाव त्या दिशेने सरकला. नुसती इच्छा असून काम न करणाऱ्यांचा सरकला नाही.

तपासणी कधी करून घ्यायची तेही सांगते. घरी भरभरून बोलतो पण शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही उच्चारत नाही, असं असेल तर. गप्पांमध्ये आळीपाळीने बोलणं त्याला जमत नसेल, एकाच विषयावर अडकत असेल, आवाज-स्पर्श-कपड्यांचा फार त्रास होत असेल आणि हे अगदी लहानपणापासून असेल तर. आधी खेळत होता आणि गेल्या काही आठवड्यांत एकदम थांबला असेल, शाळेत जायच्या वेळी पोट दुखत असेल, झोप मोडत असेल, तर कोणीतरी त्याला त्रास देत नाही ना हे सर्वांत आधी बघा. आणि कानांची तपासणी करून घ्या. एका कानाने कमी ऐकू येणारं मूल गोंगाटाच्या मैदानावर ‘मिसळत नाही’ असं दिसू शकतं. यातलं काही आढळलं तर शाळेच्या समुपदेशकाकडे किंवा बालविकासतज्ज्ञाकडे जा. जाताना पोडियमवरची तुमची आठवडाभराची टिपणं आणि बाईंची उत्तरं लिहून न्या: डब्याला कोणाशेजारी बसतो, भांडण झाल्यावर काय करतो, त्याला कोण शोधत येतं. पहिल्या भेटीत आम्ही हेच विचारतो, आणि ते हाताशी असलं की एक-दोन भेटी वाचतात.